पंखाचे वजन



सभागृहात आल्याबरोबर मी सर्व पंखे बंद करण्याची विनंती केली, त्याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतो. व्याख्यान संपेपर्यंत आपणां सर्वांना थोडा उकाडा सोसावा लागणार आहे. या टेबलावरील खोक्यात जी वस्तू आहे, तिला छतावरच्या पंख्याचा वारा सोसत नाही. दार उघडल्याने येणारी झुळूकही तिला पुरेशी होते. ते एक विमान आहे, आणि रबर वगळता त्याचे वजन तीन ग्रॅम आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, ते आपले सर या शाळेत हस्तव्यवसाय आणि विज्ञान शिकवीत. त्यांच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानासाठी शिक्षण, संस्कार, भाषा असे भारदस्त विषय मला सुचविण्यात आले होते. मी मात्र बंदिस्त जागेत उडणाऱ्या विमानप्रतिकृतींचे पंख कसे बांधावेत आणि कसे जोडावेत, हा विषय मागून घेतला. सरांनी मला जे शिकविले, ते त्या पंखांच्या द्वारेच शिकविले. शिवाय या विषयापोटी माझ्याकडे एक जुने देणेही शिल्लक आहे. ते शेवटी सांगेन.

आरंभी थोडा इतिहास. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात आल्फाँस पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारे एक लहान विमान उडवून दाखविले. त्याचा पंखविस्तार सुमारे ४५ सेंटिमीटर व वजन १६ ग्रॅम होते. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. पंखांची टोके वर वळविलेली होती आणि मागे एक लहान शेपटी होती. कोणाचा हात न लागता ते आपला तोल आपण सांभाळीत होते, हे त्यातील खरे नवल होय. त्याच पेनोच्या धर्तीवरचे रबरावर उडणारे एक खेळणे १८७८ साली अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांसाठी घरी आणले. मुलांनी ते मोडेपर्यंत उडविले आणि मग तसेच स्वतः बनविण्याचा प्रयत्न केला. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. खेळण्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

पुढे या खेळण्याची एक शाखा घराच्या आत शिरली. वाऱ्यापासून मुक्त अशी उंच जागा मिळाली, तर विमान अत्यंत हलके करता येते आणि ते अत्यंत सावकाश उडते. इंग्लंडात कार्डिंग्टन येथे हवाई जहाजांसाठी बांधलेल्या प्रचंड शेडमध्ये अशी विमाने उडविली गेली. रोमेनियात स्लानिक प्राहोवा येथील मिठाच्या खाणीच्या पोटात तर त्यांच्या जागतिक स्पर्धा झाल्या आहेत. तेथील हवा वर्षभर थंड आणि निश्चल असते. या स्पर्धांचा आजचा नियम असा आहे, की पंखविस्तार ५५ सेंटिमीटरहून अधिक नसावा, रबर वगळून वजन १.४ ग्रॅमहून कमी नसावे आणि रबर ०.४ ग्रॅमहून जास्त नसावे. पूर्वी ६५ सेंटिमीटर पंख आणि एक ग्रॅम वजनाची मुभा होती, तेव्हा एका पिळावर तासाहून अधिक काळ विमान हवेत राहिल्याची नोंद आहे. माणूस चालत जाईल त्याहूनही मंद गतीने ते उडते.

आमच्या शाळेत ना मिठाची खाण होती ना शेड. होते ते हे सभागृह, आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळेतील काचेच्या पेटीतला तराजू. सरांचा नियम एकच होता. रबर काढून विमान एका पारड्यात ठेवायचे आणि दुसऱ्यात एक नया पैशाची दोन नाणी. ते नाणे दीड ग्रॅमचे असे. विमानाचे पारडे खाली गेले, की ते उडविण्याची परवानगी नसे. पुढे अमेरिकेत एका सेंटच्या नाण्याइतके, म्हणजे ३.१ ग्रॅम, किमान वजन ठरविलेला प्रकार विद्यार्थ्यांत लोकप्रिय झाल्याचे मी वाचले. तेथे नाणे कमीत कमी वजनाचे माप होते आणि आमच्याकडे जास्तीत जास्त वजनाचे. तरीही खिशातल्या नाण्याने विमान मोजण्याची ती कल्पना वाचून मला सरांची फार आठवण झाली.

वजनाचा एवढा आग्रह कशासाठी, असे एकदा मी विचारले. सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. पंखाचे क्षेत्रफळ तेच ठेवून विमानाचे वजन दुप्पट केले, तर ते समतल उडत ठेवण्यास लागणारी शक्ती दुपटीवर थांबत नाही, जवळजवळ २.८ पट होते. जड विमानाला अधिक उचल तर हवीच, शिवाय ती मिळविण्यासाठी त्याला अधिक वेगानेही जावे लागते. रबरात साठविलेली ऊर्जा मात्र ठरलेली. जडपणाचा दंड असा दुहेरी भरावा लागतो.

आता पंखाकडे येतो. पंखाचे लाकूड बाल्साचे. हा वृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, आणि जगाला लागणारा बाल्सा मुख्यतः इक्वेडोरमधून येतो. स्पॅनिश भाषेत बाल्सा म्हणजे तराफा. आमच्याकडे तो मुंबईहून मागवावा लागे आणि महाग पडे. एकाच झाडाच्या दोन पट्ट्यांतही फार अंतर असते. १ मिलिमीटर जाड, १० सेंटिमीटर रुंद आणि १ मीटर लांब पट्टीचे आकारमान १०० घन सेंटिमीटर होते. ती ८ ग्रॅम भरली तर पंखास उत्तम, १० ग्रॅम भरली तर चालण्याजोगी. दिसायला तशीच दुसरी पट्टी १६ ग्रॅम भरते, आणि ती कितीही सुबक असली तरी पंखाच्या उपयोगाची नाही. म्हणून सर म्हणत, "डोळ्यांनी निवडू नकोस, तराजूने निवड."

पंखाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला दोन आडव्या काड्या असतात. आमचा पंख ४० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद असे. काडी मध्याशी सुमारे ३ मिलिमीटर आणि टोकाशी त्याच्या निम्मी ठेवीत, कारण भार मध्याशी अधिक पडतो आणि टोकाचे अनावश्यक वजन विमानाला डुलविते. काड्या कापल्या, की त्यांची परीक्षा होई. एक टोक टेबलावर दाबून दुसऱ्या टोकाला कागदाचा ठरावीक तुकडा अडकवायचा आणि काडी किती वाकते ते पट्टीवर पाहायचे. सारख्या वाकणाऱ्या काड्यांची जोडी लावायची. डावा पंख कणखर आणि उजवा लवचीक झाला, तर विमान जमिनीवर सरळ दिसते आणि हवेत वाकडे होते.

दोन्ही काड्यांना जोडणाऱ्या फासळ्या किंचित बाकदार असतात. मोठ्या विमानाच्या पंखाला जाडी असते, ती या विमानाला मानवत नाही. इतक्या मंद गतीला आणि इतक्या लहान आकाराला पातळ, वाकविलेला पृष्ठभागच अधिक चांगली उचल देतो. १० सेंटिमीटर रुंदीला ५ ते ६ मिलिमीटर बाक पुरतो. पत्र्याचा एक साचा करून घ्यायचा, तो बाल्साच्या पातळ पट्टीवर ठेवून नव्या ब्लेडने एक छेद घ्यायचा, मग साचा दीड मिलिमीटर खाली सरकवून दुसरा. अशा सात फासळ्या एकसारख्या निघाल्या पाहिजेत. आराखडा सपाट फळीवर पसरून त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद घालायचा, म्हणजे डिंक आराखड्याला चिकटत नाही. काड्या टाचण्यांनी टोचायच्या नाहीत, दोन्ही बाजूंनी टाचण्या लावून त्यांच्या कुशीत ठेवायच्या. टाचणी लाकडात गेली, की तेथेच ते पुढे मोडते.

डिंकाचा प्रश्न सर्वांत नाजूक. नवशिका नेहमी समजतो, की थेंब जितका मोठा तितका सांधा मजबूत. वस्तुतः मजबुती सांध्याच्या अचूकपणातून येते. फासळीचे टोक काडीला फटीवाचून भिडले असेल, तर सुईच्या अग्रावर मावेल इतका पातळ केलेला डिंक पुरतो. फट असेल तर डिंकाने ती भरून निघते खरी, पण त्या भरावाचे वजन विमान जन्मभर वाहते.

सांगाडा वाळला, की त्यावर तलम टिश्यू कागद चढवायचा. तो ताणायचा नाही. बाहेर उडणाऱ्या दणकट विमानांवर कागद लावून पाणी फवारतात, म्हणजे तो आक्रसून ढोलाच्या कातड्यासारखा ताठ होतो. आमच्या विमानाचा सांगाडा तो ताण सहन करू शकत नाही. म्हणून कागद आधीच ओलसर करून वाळवून घ्यायचा आणि मग सैलसर अंथरून कडांना पातळ डिंकाने चिकटवायचा. थोड्या सुरकुत्या राहिल्या तरी हवेचे काही बिघडत नाही. याहूनही हलकी विमाने करणारे पूर्वी नायट्रोसेल्युलोजचे द्रावण पाण्यावर ओतून त्याचा इंद्रधनुषी पापुद्रा तयार करीत आणि तो पंखावर उचलून घेत. आता अतिशय पातळ प्लॅस्टिकचे पापुद्रे वापरतात.

त्यानंतर टोके उंचावायची. टोकांपासून ठरावीक अंतरावर काड्यांना ब्लेडने चीर द्यायची, टोक ठोकळ्यावर टेकवून उचलायचे, फट कोनात घासून घ्यायची आणि डिंक लावून वाळू द्यायचे. विमान एका अंगाला कलले, की ते खालच्या अंगाकडे घसरू लागते. उंचावलेल्या टोकांमुळे त्या बाजूचा पंख हवेला अधिक कोनात भिडतो आणि विमान सावरते. पेनोने आपल्या पंखांची टोके वर वळविली होती, ती यासाठीच.

आता जोडणीविषयी, म्हणजे माझ्या विषयाच्या गाभ्याविषयी. पंख कण्याला डिंकाने कायमचा चिकटवायचा नसतो. टिश्यू कागदाची चिंचोळी पट्टी दीड मिलिमीटर जाडीच्या तारेवर डिंक लावून गुंडाळायची. तारेला आधी मेण चोळलेले असावे. वाळली, की तारेवरून सरकवून काढायची, म्हणजे कागदाची इवलीशी नळी तयार होते. अशा दोन नळ्या कण्याच्या बाजूला उभ्या चिकटवायच्या, त्यांच्यामधील अंतर पंखाच्या रुंदीएवढे. पंखाच्या पुढच्या आणि मागच्या काडीला मध्याशी खाली येणारी एकेक खुंटी लावायची. खुंटीसाठी बाल्सा जरा टणक घ्यायचा आणि घासून गोल करायचा, इतका की नळीत शिरताना किंचित अडेल आणि सोडल्यावर आपल्या भाराने खाली घसरणार नाही.

या अडण्यातच सारे कौशल्य आहे. पुढची खुंटी अर्धा मिलिमीटर वर ओढली, की पंखाचा हवेशी होणारा कोन वाढतो. विमान नाक वर करून थबकते आणि खाली डुलते, तेव्हा पुढची खुंटी थोडी दाबायची. ते सरळ खाली झेपावते, तेव्हा थोडी उचलायची. बडोद्यातल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. उत्तरायणात पतंगाची कन्नी बांधताना गाठ बोटभर वर सरकली की पतंग कसा बदलतो, ते आपण सर्व जाणतो. कन्नी पतंगाचा वाऱ्याशी होणारा कोन ठरविते, तेच काम येथे खुंट्या करतात. सरांनी मला पहिला धडा पतंग हातात देऊनच दिला होता.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. पुढचा पंखा ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेला तो विमानाला पिळतो. मागून पाहता पंखा उजवीकडे फिरत असेल, तर विमान डावीकडे कलंडू पाहते. म्हणून त्याला डावीकडेच गोल फिरू देतात, पण डावा पंख खाली पडू नये यासाठी तो उजव्यापेक्षा थोडा लांब करतात. शिवाय बांधतानाच डाव्या अंगाच्या पुढच्या काडीखाली दोन-तीन मिलिमीटरची चकती ठेवून तो किंचित पुढून उंच पिळतात. पीळ उलट झाला, म्हणजे मागची कड वर गेली, तर विमान डावीकडे चक्राकार घसरत जमिनीवर येते.

आणि सैल जोडणीचा दुसरा लाभ असा, की विमान भिंतीला धडकले तर पंख नळीतून सुटून येतो. तो मोडत नाही. खुंट्या पुन्हा बसविल्या, की विमान तयार.

मित्रहो, एवढे सगळे मला १९६६ साली ठाऊक होते. आता ते देणे सांगतो.

त्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात आमच्या तुकडीचे विमान उडणार होते. पंख माझा होता आणि रबराची जबाबदारी माझ्या एका वर्गमित्राकडे होती. आदल्या संध्याकाळी पंखावरच्या सुरकुत्या मला सलू लागल्या. ग्रंथालयातल्या पुस्तकात पाणी फवारण्याविषयी वाचले होते, ते बाहेरच्या विमानांसाठी आहे हेही ठाऊक होते. तरी मी फवारले. सकाळी पाहतो तो डावा पंख उन्हात वाळलेल्या पापडासारखा वळला होता, आणि वळला होता तो नेमका नको त्या दिशेला. नवा पंख करण्यास वेळ नव्हता. मी तो जोराने उलटा पिळला, त्यात एक खुंटी सैल झाली, म्हणून दोन्ही खुंट्या नळ्यांसकट डिंकाने भरून टाकल्या. या सभागृहात पाहुण्यांसमोर विमान सोडले. ते डावीकडे कलंडले, दोन फेऱ्यांत खाली आले आणि त्या खांबावर आपटले. पंख सुटू शकला नाही, कारण मी त्याला सुटण्याची वाट ठेवली नव्हती. दोन्ही काड्या मधोमध मोडल्या.

सरांकडे एक वही असे. प्रत्येक विमान कशामुळे पडले, ते ज्याच्या हातून पडले त्याने स्वतः लिहावे, असा शिरस्ता होता. मी लिहिले, "रबर जुने असल्याने." माझा मित्र शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षीच्या विमानात त्याला घेतले गेले नाही. आम्ही मुलांनीच तसे ठरविले होते, आणि मी त्या ठरविण्यात सामील होतो. सरांनी मला त्याविषयी कधी एक शब्दही विचारला नाही. त्यांना कळले नाही, अशी मी इतकी वर्षे स्वतःची समजूत घालीत आलो.

या व्याख्यानाचे निमंत्रण स्वीकारण्यासाठी मी आलो, तेव्हा प्रयोगशाळेच्या कपाटातील जुन्या वह्या मला दाखविण्यात आल्या. त्यांत ती वही होती. माझ्या ओळीखाली त्याच दिवशीच्या तारखेने, सरांच्या बारीक अक्षरात दोन नोंदी आहेत. "रबर तपासले, चांगले. सांधा ३१० मि. ग्रॅ." बाकी काही नाही. संपूर्ण पंख एक ग्रॅमचा असायचा. त्याच्या जवळजवळ एकतृतीयांश वजनाचा डिंक मी त्या एका सांध्यात ओतला होता. सरांनी मोडके तुकडे उचलून तराजूत तोलले होते. त्यांनी माझी ओळ खोडली नाही आणि मला बोलावून जाबही विचारला नाही. ती ओळ दुरुस्त करणे माझे काम होते, आणि त्यासाठी त्यांनी खाली जागा सोडलेली होती. ती जागा अजून कोरी आहे, हे पाहून मला काय वाटले, ते सांगण्याचा प्रयत्न करीत नाही.

माझा तो मित्र आज हयात नाही. त्याची क्षमा मागण्याची संधी मी घालविली. ज्या सभागृहात त्याच्यावर ठपका आला, त्याच सभागृहात आज मी सांगतो, की रबर चांगले होते. चूक पंखाची होती आणि पंख माझा होता. मुख्याध्यापिका बाईंच्या अनुमतीने आज सकाळी मी त्या वहीत हेच वाक्य लिहिले आहे.

मुलांनो, तुम्हांला उपदेश करण्याचा अधिकार मला फारसा उरलेला नाही. आपल्या शाळेच्या चालकांना मात्र एक विनंती करतो. वेळापत्रकात जागा करण्यासाठी हस्तव्यवसायाचा तास काढावा, अशी चर्चा चालू आहे असे समजते. त्यामागच्या अडचणी खऱ्या असतील. पटसंख्या कमी होत आहे, पालकांना गुणांची चिंता आहे, हे मी जाणतो. तरीही आठवड्यातून एक तास असा ठेवावा, की ज्यात मुलाच्या हातून काही घडेल, ते मोडेल आणि का मोडले ते त्याला स्वतः लिहावे लागेल. उत्तरपत्रिकेतली चूक शिक्षकाच्या लाल शाईने कळते. पंखातली चूक मुलाच्या डोळ्यांदेखत जमिनीवर येते, आणि तिचे कारण खरे लिहायचे की खोटे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. मला ते ठरविण्यास फार वर्षे लागली. ती वही पुन्हा सुरू झाली, तर तुमच्यापैकी कोणाला इतकी वर्षे लागणार नाहीत.

आता हे विमान खोक्यातून काढतो. याचा पंख मी गेल्या महिन्यात बांधला. दोन खुंट्या आहेत, दोन नळ्या आहेत, सांध्याला डिंक लावलेला नाही. पहिल्या रांगेतील दोन विद्यार्थ्यांनी पुढे यावे. एकाने कणा धरावा, दुसऱ्याने रबर पाचपट लांब ताणून पीळ भरावा आणि पीळ भरता भरता हळूहळू जवळ यावे. शेवटच्या बाकावरच्यांनी दार लोटून घ्यावे. विमान कोणाच्या डोक्याजवळ आले तर हात उगारू नये, ते आपल्या गतीने पुढे जाईल. आणि ते खांबावर आपटलेच, तर घाबरू नये. पंख सुटून येईल आणि आपण तो पुन्हा बसवू.